दोन नायक, एक गोष्ट : सुपरहिरोंच्या क्रॉसओव्हर कथांचे गुण आणि दोष

मधल्या सुट्टीत हमखास रंगणारा एक वाद आहे. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव समोरासमोर आले तर जिंकेल कोण? तुमच्या आई-बाबांच्या पिढीनेही हा वाद घातलेला आहे. तुम्ही कदाचित नावं बदलली असतील, आयर्न मॅन की बॅटमॅन, थॉर की सुपरमॅन. प्रश्न मात्र तोच. आपल्या नागपुरात मराठी घरातली मुलंही हिंदी कॉमिक्स अगदी सहज वाचत आली, त्यामुळे राज कॉमिक्सचे नायक आपल्याला परके कधी वाटलेच नाहीत. 'नागपूरचा नागराज' असा विनोदही कोणी ना कोणी केलेला असतोच.

ज्या गोष्टीत दोन वेगवेगळ्या मालिकांमधले नायक एकत्र येतात तिला क्रॉसओव्हर म्हणतात. प्रत्येक नायकाचं स्वतःचं गाव असतं, स्वतःचे शत्रू असतात, स्वतःची माणसं असतात. एकाच्या गोष्टीत दुसरा पाऊल टाकतो तेव्हा दोन्ही जगं एकमेकांना जोडली जातात. आज आपण या कथांचे गुण आणि दोष दोन्ही तपासणार आहोत. 'मला आवडलं' किंवा 'बोअर झालं' एवढ्यावर न थांबता का आवडलं, कुठे फसलं, हे सांगता आलं पाहिजे. परीक्षेत गुणदोष लिहिताना हीच सवय उपयोगी पडते आणि दुकानात पैसे देतानाही!

ही कल्पना नवी नाही

क्रॉसओव्हर अमेरिकेतून आला असं समजू नका. महाभारताच्या वनपर्वातला प्रसंग आठवा. द्रौपदीसाठी सौगंधिक फूल आणायला भीम निघतो. वाटेत एक म्हातारं माकड शेपूट पसरून पडलेलं असतं. भीम म्हणतो, बाजूला हो. माकड म्हणतं, बाबा रे, मला उठवत नाही, तूच शेपूट उचलून ठेव आणि जा. भीम आधी हलकेच, मग सगळा जोर लावून बघतो. शेपूट काही हलत नाही. ते माकड म्हणजे हनुमान. रामायणाचा वीर महाभारताच्या वीराला भेटतो, आणि दोघेही वायूचे पुत्र, म्हणजे भाऊच.

या छोट्या प्रसंगात चार गोष्टी नीट जमल्या आहेत. एक, भेटीला कारण आहे. भीम उगाच तिथे आलेला नाही आणि दोघांचं नातंही आहे. दोन, कुणाचाही पाणउतारा होत नाही. भीम हरतो, पण गदेचा एक घावही न घालता. त्याचा गर्व जातो, मान जात नाही. तीन, दोघांपैकी एकाला तरी या भेटीतून काही शिकायला मिळतं. चार, भेटीचा परिणाम पुढे टिकतो. हनुमान अर्जुनाच्या ध्वजावर बसण्याचं वचन देतो आणि युद्धात तो ध्वज तसाच दिसतो. कारण, मान, बदल आणि परिणाम, ही चार मापं लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक गोष्ट आपण याच मापांनी मोजू.

आणखी एक उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. रामटेकचा डोंगर नागपूरपासून फार लांब नाही. वनवासात राम इथे थांबला अशी लोकांची श्रद्धा आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच, असं अनेक अभ्यासक मानतात. 'मेघदूत' ही विरहात झुरणाऱ्या एका यक्षाची गोष्ट. रामाशी तिचा थेट संबंध नाही. पण तिथलं पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झालं आहे, असा उल्लेख कालिदास अगदी सुरुवातीला करतो. बस्स. तेवढ्याने यक्षाच्या दुःखामागे राम-सीतेच्या विरहाची सावली उभी राहते. दोन गोष्टी जोडायला दर वेळी धूमधडाका लागत नाही, हे इथून शिकावं.

क्रॉसओव्हरचे तीन प्रकार

पहिला प्रकार पाहुण्याचा. गोष्ट एकाचीच असते, दुसरा थोडा वेळ येऊन जातो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मराठी अंकांमुळे वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठी घराघरांत पोचले. दोघांचाही जनक एकच, ली फॉक. १९७७ मध्ये वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत वेताळ आणि डायनाचं लग्न झालं तेव्हा मँड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून हजर होते. मारामारी नाही, जगबुडी नाही. पण वाचकाला केवढा आनंद! म्हणजे हे दोघं एकमेकांना ओळखतात तर!

दुसरा प्रकार जोडीचा. दोन नायक बरोबरीने गोष्ट पेलतात. नागराज आणि ध्रुव यांची 'राजनगर की तबाही' याच जातीची.

तिसरा प्रकार मेळाव्याचा. झाडून सगळे नायक एका मोठ्या संकटासमोर उभे राहतात. राज कॉमिक्सची 'कोहराम' किंवा मार्व्हलची १९८४-८५ मधली बारा अंकांची 'सीक्रेट वॉर्स' ही याची उदाहरणं. सिनेमात तुम्ही पाहिलेला 'अॅव्हेंजर्स : एंडगेम' याच प्रकारातला.

प्रकार वेगळा तसे गुणदोषही वेगळे. पाहुण्याच्या गोष्टीत धोका कमी असतो, मेळाव्यात सगळ्यात जास्त. गावजेवणासारखं आहे हे. दोन माणसांचा स्वयंपाक चुकला तर निभावून नेता येतो, दोनशे पानांचा चुकला तर गावभर चर्चा होते.

गुण पहिला : शेजारी उभं केल्यावर ओळख पटते

नागराज १९८६ मध्ये आला. त्याचं सुरुवातीचं रूप चितारणारे प्रताप मुळीक हे आपले मराठी चित्रकार, अमर चित्र कथेतूनही त्यांची चित्रं देशभर पोचलेली. नागराजच्या शरीरात असंख्य सूक्ष्म साप, फुंकरीत विष. प्रोफेसर नागमणीने त्याला हत्यार म्हणून घडवलं, बाबा गोरखनाथांनी त्याला त्या पकडीतून सोडवलं. दुसऱ्याच वर्षी, १९८७ मध्ये, अनुपम सिन्हा यांचा ध्रुव आला. सर्कशीत वाढलेला मुलगा. त्या सर्कशीला लावलेल्या आगीत त्याचे आईवडील जातात. त्याच्याकडे अंगची अशी अफाट ताकद नाही. पशुपक्ष्यांची भाषा कळते, कसरती येतात, विज्ञान पक्कं आहे आणि डोकं शांत आहे.

आता हे दोघं एकाच पानावर ठेवून बघा. एकट्या नागराजच्या गोष्टीत सापांची ताकद आपण गृहीत धरतो. एकट्या ध्रुवच्या गोष्टीत त्याची युक्ती गृहीत धरतो. दोघं बरोबर आले की ताकदीला कुठे मर्यादा आहे आणि युक्ती कुठे अपुरी पडते, हे दोन्ही दिसतं. जिथे नागराजची फुंकर चालत नाही तिथे ध्रुव म्हणतो, थांब, आधी हे काम कसं करतं ते बघू. अंगात ताकद नसलेल्या, वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला हे वाचून काय वाटत असेल? की बलवानाच्या शेजारी मीही उभा राहू शकतो. चांगल्या क्रॉसओव्हरची ही मोठी देणगी आहे.

गुण दुसरा : दोन विचारांची टक्कर

राज कॉमिक्सचा डोगा मुंबईचा. कचऱ्यात सापडलेलं पोर, पुढे गुन्हेगारांचा काळ झालेलं. गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हाती द्यावं यावर त्याचा विश्वास नाही, तो समस्या मुळासकट उपटायला निघतो. ध्रुवला मात्र पोलीस कमिशनरनेच मुलासारखं वाढवलं आहे. तो कायद्याच्या बाजूचा. असे दोघं समोरासमोर आले की प्रश्न 'कोण जिंकेल' एवढाच राहत नाही. 'बरोबर कोण' हाही प्रश्न येतो. आणि या प्रश्नाचं उत्तर ठोशांनी देता येत नाही.

मार्व्हलच्या २००६-०७ मधल्या 'सिव्हिल वॉर'मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं आहे. सरकार कायदा करतं की प्रत्येक सुपरहिरोने नाव नोंदवलं पाहिजे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. दोघंही सज्जन, दोघांकडेही मुद्दे. सज्जन विरुद्ध दुर्जन या लढाईत वाचकाला फारसा विचार करावा लागत नाही. सज्जन विरुद्ध सज्जन म्हटलं की करावाच लागतो.

गुण तिसरा : जग मोठं होतं, मित्रही वाढतात

१९४० मध्ये 'मार्व्हल मिस्ट्री कॉमिक्स'च्या आठव्या-नवव्या अंकात आगीचा ह्यूमन टॉर्च आणि पाण्यातला सबमरिनर यांची झुंज झाली. दोघांचे निर्माते वेगळे होते, कार्ल बर्गोस आणि बिल एव्हरेट. तोवर दोन सुट्या असलेल्या गोष्टी एका शहरात आल्या आणि वाचकाला कळलं की हे सगळे एकाच जगात राहतात. नंतरचं मार्व्हलचं सगळं विश्व याच पायावर उभं आहे.

याची दुसरी बाजू आपल्या गल्लीतली. एकाला नागराज आवडतो, दुसऱ्याला ध्रुव. दोघं मिळून एक कॉमिक घेतात आणि भिंतीला टेकून वाचतात. पान कोणी उलटायचं यावरून भांडतात. पुस्तक संपेपर्यंत नागराजवाला ध्रुवचे जुने अंक शोधायला लागलेला असतो. वाचन असंच पसरतं, आणि प्रकाशकाचा धंदाही. त्यात वाईट काही नाही, जोवर गोष्ट प्रामाणिक आहे तोवर.

आता नाण्याची दुसरी बाजू.

दोष पहिला : ताकदीचा हिशेब जुळत नाही

१९७६ मध्ये डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना एकत्र आणलं. मोठी घटना होती ती. पण लेखकापुढे अडचण अशी की सुपरमॅन डोंगर उचलतो आणि स्पायडरमॅन फार तर मोटार. झुंज लावायची कशी? मग खलनायक ल्यूथर एका किरणाने स्पायडरमॅनची ताकद तेवढ्यापुरती वाढवतो, आणि झुंज होते. १९८१ मध्ये बॅटमॅन आणि हल्क यांची गाठ पडली. तिथे बॅटमॅनने वायूचा वापर केला. हल्क श्वास रोखून धरतो म्हटल्यावर त्याच्या छातीखाली बरोबर जागेवर लाथ मारून त्याला श्वास घ्यायला लावलं.

दोन्ही युक्त्याच. मग फरक काय? दुसरी युक्ती बॅटमॅनच्या स्वभावातून येते. तो नेहमीच डोक्याने लढतो. पहिली बाहेरून आणून चिकटवलेली आहे. ज्याची जी ताकद वर्षानुवर्षं वाचकाने मनात जपली, ती एका पानात वाढवली किंवा घटवली की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. 'काहून बा, कालपर्यंत तर हा भिंत फोडत होता!' असं तो म्हणणारच.

दोष दुसरा : ठरलेला साचा

दोन नायक भेटतात. गैरसमज होतो. मारामारी होते. मग कळतं की खरा शत्रू तिसराच. हात मिळवतात आणि त्याला हरवतात. पाच क्रॉसओव्हर वाचलेल्या मुलाला सहाव्याचा शेवट पहिल्या चार पानांतच कळतो. हा साचा मुळात सोयीसाठी जन्मला. दोन्हीकडच्या चाहत्यांना झुंज हवी, पण आपला नायक हरायला नको. म्हणून बरोबरी. पण ज्या झुंजीत कोणी हरूच शकत नाही तिच्यात धाकधूक कसली?

यावर एक उपाय १९९६ मध्ये झाला. 'डीसी विरुद्ध मार्व्हल' या चार अंकांच्या मालिकेत पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर ठेवला. त्यात स्टॉर्मने वंडर वुमनला हरवलं. वाचकाला मान मिळाला हे खरं, पण गोष्टीचा शेवट गोष्टीतून न येता मतपेटीतून आला. जो जास्त लाडका तो विजयी. आपल्या चार मापांपैकी 'कारण' इथे सरळ नापास होतं.

दोष तिसरा : गर्दीत गोष्ट हरवते

मेळाव्याच्या कथेत वीस नायक असले की प्रत्येकाला एक ठोसा आणि एक वाक्य. ज्याच्यासाठी तुम्ही अंक घेतला तो दोन चौकटींत येऊन जातो. खलनायक तर एवढा मोठा करावा लागतो की सगळ्यांनी मिळून मारलं तरच मरेल, आणि असा खलनायक बहुधा नुसता गडगडाट करतो, माणूस म्हणून लक्षात राहत नाही. नव्या वाचकाची आणखी पंचाईत. हा कोण, तो कोण, यांचं आधी काय झालं होतं, हे ठाऊक नसेल तर पंगतीत बसूनही उपाशीच.

दोष चौथा : परिणाम टिकत नाही

१९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'मध्ये फ्लॅश, म्हणजे बॅरी अॅलन, जग वाचवताना प्राण देतो. वाचक हळहळले. तो बराच काळ मेलेलाच राहिला, म्हणून त्या मृत्यूला वजन होतं. २००८ मध्ये तो परत आला. पुढे तर मरणं आणि परतणं इतकं वाढलं की नायक मेला तरी वाचक म्हणतो, येईल पुढच्या वर्षी. मृत्यूची किंमत गेली की त्यागाचीही जाते. मुलांच्या मनावर हा तोटा मारामारीपेक्षाही मोठा आहे असं मला वाटतं.

उलट उदाहरणही सांगायला हवं. 'सीक्रेट वॉर्स' ही मालिका मॅटेल कंपनीच्या खेळण्यांना जोडून निघाली होती, म्हणजे हेतू उघडउघड विक्रीचा. तरी त्यातूनच स्पायडरमॅनचा काळा पोशाख आला आणि त्याच पोशाखातून पुढे व्हेनम हे पात्र उभं राहिलं. विक्रीसाठी काढलेल्या गोष्टीतही परिणाम टिकू शकतो. हेतूवरून गोष्ट आधीच नापास करू नका, वाचून मग ठरवा.

दोष पाचवा : खिशावर ताण

राज कॉमिक्सची 'नागायण' घ्या. रामायणाच्या सांगाड्यावर बेतलेली, भविष्यकाळात घडणारी, नागराज आणि ध्रुव यांची आठ भागांची मालिका. कल्पना भारदस्त, जुन्या कथेशी नातंही घट्ट. पण आठ भाग म्हणजे आठ वेळा पैसे आणि आठ वेळा वाट बघणं. मोठ्या शहरात अंक मिळतो, तालुक्याच्या गावी मधलाच एखादा भाग येत नाही. कॉमिक्स भाड्याने आणणाऱ्याला तर तिसरा भाग आधी आणि पहिला नंतर, असंही वाचावं लागतं. ज्याला एकच अंक परवडतो त्याला अर्धी गोष्ट हाती देणं हा लहान वाचकावर अन्यायच. म्हणून मालिका कितीही लांब असो, प्रत्येक भागात निदान एक प्रसंग पुरा झाला पाहिजे.

मग चांगला क्रॉसओव्हर ओळखायचा कसा?

पुढच्या वेळी अंक हातात घ्याल किंवा सिनेमा बघाल तेव्हा हे चार प्रश्न विचारा.

१. कारण : यांची भेट झालीच नसती तर ही गोष्ट घडली असती का? घडली असती, तर भेट नुसती जाहिरातीसाठी आहे.

२. मान : एकाला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला बावळट केलं आहे का?

३. बदल : गोष्ट संपताना निदान एकाला तरी स्वतःबद्दल काही नवं कळलं का?

४. परिणाम : पुढच्या अंकात या भेटीची आठवण उरते का?

चारपैकी तीनची उत्तरं चांगली आली तर अंक मित्राला खुशाल द्या. एकच आलं तर चित्रं बघा आणि पुढे चला. चित्रांसाठी अंक घेणं हा काही गुन्हा नाही.

तुमच्यासाठी उपक्रम

आता वाचणं पुरे, लिहून बघा. भा. रा. भागवतांचा पुण्याचा फास्टर फेणे सुट्टीत नागपूरला येतो. इथे त्याची गाठ पडते तुम्ही स्वतः तयार केलेल्या एका नागपुरी नायकाशी किंवा नायिकेशी. जागा, सीताबर्डीचा किल्ला. हा किल्ला वर्षातल्या मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो, म्हणजे गोष्टीला आयतीच मुदत मिळाली! संध्याकाळी दार बंद व्हायच्या आत काहीतरी शोधायचं आहे. काय, ते तुम्ही ठरवा.

लिहिण्याआधी वहीत दोन रकाने पाडा. एकात फास्टर फेणेला काय येतं आणि काय येत नाही, दुसऱ्यात तुमच्या नायकाचं तेच. जे एकाला येत नाही ते दुसऱ्याला येत असेल तर तुमची गोष्ट अर्धी तयार झाली. दोघांना सगळंच येत असेल तर रकाना खोडा आणि पुन्हा लिहा. मारामारी घालायची तर घाला, पण एकदाच, आणि तीही गैरसमजातून नको. दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. लिहून झालं की वही शेजारच्याला द्या. त्याने वरचे चार प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही लिहून खाली सही करायची.

'नाही' आलं तर रागवायचं नाही. गोष्ट दुरुस्त करायची!